पॅडल खाली गेलंच नव्हतं

आमचं गाव आणे पठारावर. कल्याण-नगर रस्त्यानं आळेफाटा सोडून पूर्वेला निघालं की आणे घाट लागतो. घाट चढून वर आलं की सगळं उघडं रान आणि वारा. सह्याद्रीत धो-धो कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईतो रिकामा झालेला असतो. विहिरीला पाणी असेल तोवर कांदा, नाहीतर बाजरी, मठ, हुलगा. कांदा निघाला की गोण्या भरायच्या आणि घाट उतरून आळेफाट्याच्या बाजारात न्यायच्या. त्यामुळं आमच्याकडं गाडीची खरी परीक्षा चढाला नसते, उताराला असते. चढाला गाडी बंद पडली तर माणूस खाली उतरून चाकाला दगड लावतो. उताराला थांबली नाही तर काय लावणार?

2003 साली मी एक जुनी व्हॅन घेतली. 1996 चं मॉडेल, पेट्रोलची, कार्बोरेटरची. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन समोर. मला ते फार आवडलं. दहावीपर्यंत शिकलेला माणूस मी, पण विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, मळणी यंत्र, सगळं माझं मीच खोलायचो. शेतकऱ्याला प्रत्येक नटाला मिस्त्री बोलवून परवडत नाही. गावात कुणाचं काही बिघडलं की लोक म्हणायचे, नानाला विचारा. त्याचा मला थोडा माज होता, हे आज लिहायला हरकत नाही.

व्हॅनची मागची सीट काढून टाकली. आठ-नऊ गोण्या आरामात बसायच्या. पुढं चालवणारा आणि शेजारी एक माणूस. दोन वर्षं गाडीनं काही त्रास दिला नाही.

2005 च्या पावसाळ्यात एक दिवस सीट उचलून बघतो तर एक काळी रबराची नळी उंदरानं कुरतडलेली. ही नळी इंजिनातनं निघून पुढं ब्रेकच्या बाजूला जात होती. तिथं पातेल्यासारखा एक गोल पत्र्याचा डबा असतो, त्याला ती जोडलेली. नळीतनं पेट्रोल जात नव्हतं, पाणी जात नव्हतं, तेल जात नव्हतं. नुसती मोकळी नळी. मी म्हणलं, हवेचीच तर आहे. नवीन आणायला आळेफाट्याला जा, नाही मिळाली तर नारायणगावला जा, दिवस मोडणार. वखारीत फवारणीच्या पंपाची नळी पडली होती. मापाला बरोबर बसली. दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या, काम झालं.

जुन्या नळीच्या मध्ये एक प्लॅस्टिकचं बोंडूक होतं, बाण काढलेलं. मला वाटलं दोन तुकडे जोडायचा जॉइंट असेल. माझी नळी अखंड होती, जॉइंटची गरज नव्हती. ते बोंडूक मी नट-बोल्टच्या डब्यात टाकलं. शेतकरी काही फेकत नाही.

गाडी चालू झाली, ब्रेक लागला. दहा मिनिटांत आणि फुकटात. रात्री जेवताना घरच्यांना सांगितलंसुद्धा.

थोरल्या पोराला त्याच सुमाराला लायसन मिळालं. एकोणीस-वीस वर्षांचा. हात चांगला होता त्याचा. मग स्टिअरिंग त्याच्याकडंच गेलं. मी शेतातच असायचो.

2006 चा मे महिना. उन्हाळी कांदा काढून झाला होता. बराखीत भरायचा तो भरला, बाकीचा विकायला काढला. भाव पडलेला. पेट्रोल पन्नाशीच्या आसपास गेलेलं. मी हिशोबाची वही घेऊन बसलो आणि पोरावर उखडलो.

"घाट उतरताना इंजिन कशाला जाळतोस? न्यूट्रल कर, चावी बंद कर, गाडी आपल्या वजनानं उतरती. आम्ही काय येडे म्हणून करत होतो?"

"नाना, भरल्या गाडीला चालूच ठेवलेलं बरं."

"मला शिकवू नको."

हे बोलणं आदल्या रात्रीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि माझा धाकटा भाऊ, आप्पा, नऊ गोण्या घेऊन निघाले. दोन तासांनी एका ट्रकवाल्यानं गावात निरोप आणला, तुमची व्हॅन घाटात धडकली.

मी पोचलो तर गाडी डोंगराच्या कडेला घासत जाऊन गटारीत तोंड खुपसून उभी. कांदा रस्ताभर. पोराला कपाळावर खोक. आप्पाचा डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. दरीच्या बाजूला गेली नाही एवढं खरं. ती कशी गेली नाही हे मी त्या वेळी विचारलंच नाही. पोरानं स्वतःहून गाडी डोंगराकडं घातली होती. मला फक्त गटारीत घातलेली दिसली.

दवाखान्याच्या बाहेर पोरगा उभा. मी विचारलं, "काय झालं?"

"ब्रेक लागला नाही नाना. दोन्ही पायांनी दाबला. दगडावर पाय दिल्यासारखं झालं."

आता या वाक्याकडं वाचकांनी नीट बघावं. मी बघितलं नाही. मी म्हणलं, "ब्रेक फेल झाल्यावर पॅडल खाली जातं. पार फळीला टेकतं. ते दगडासारखं लागत नसतं. तू दाबलाच नाहीस वेळेवर. उगा गाडीवर ढकलू नको."

"खाली गेलंच नाही नाना. म्हणून तर सांगतोय."

"म्हणजे ब्रेक चांगला होता. तूच चुकला."

आजूबाजूला पाच-सहा गाववाले होते. त्यांच्यासमोर हे बोललो. पोरगा गप्प बसला.

खातरी करायची म्हणून गावातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं ब्रेक ऑइल बघितलं, भरलेलं. चाकं काढून बघितली, लायनर चांगले, कुठं गळती नाही. मग इंजिन चालू करून ब्रेक दाबला. झकास लागला. "ब्रेक ओके हाय. चालवणाऱ्याचीच चूक म्हणायची." माझा निकाल पक्का झाला. पत्रा ठोकून घेतला, रंग मारला, गाडी परत उभी केली.

आप्पाच्या पायात सळई घातली. सहा महिने तो अंगणात खाटेवर. त्याची जनावरं, त्याचं रान, सगळं वहिनींच्या अंगावर. तो कधी पोराला काही बोलला नाही. मी मात्र संधी मिळाली की बोलायचो. पोरानं त्यानंतर व्हॅनच्या चावीला हात लावला नाही. दिवाळीच्या आधी म्हणाला, चाकणला कंपनीत जागा आहे, जातो. मी म्हणलं, जा. जाताना एसटीनं गेला. मी व्हॅननं फाट्यापर्यंत सोडतो म्हणलं तर "नको नाना, राहू द्या" म्हणाला.

त्या हिवाळ्यात गाडीनं वेगळंच सुरू केलं. स्लोला इंजिन बसेना. कधी आपोआप रेस वाढायची, कधी थरथर करून बंद पडायची. रस्त्यावर वेग घेतला की मात्र एकदम गुळगुळीत. बाजारात रांगेत उभी राहिली की बंद. मी प्लग बदलले. कार्बोरेटर खोलून धुतला. स्लोचा स्क्रू पिळला, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. पेट्रोलही जास्त प्यायला लागली. ब्रेक दाबला की इंजिन आणखीच गडबडायचं. मला वाटायचं, ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध? भास असेल.

शेवटी 2007 च्या मार्चमध्ये आळेफाट्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. त्यानं गाडीला हातच लावला नाही. आधी बाकड्यावर बसवलं आणि विचारायला लागला. थंड असताना करती का गरम झाल्यावर? स्लोला का वेगात? ब्रेक दाबल्यावर फरक पडतो का? मी म्हणलं, "पडतो, पण त्याचा काय संबंध?"

"संबंध मी बघीन. तुम्ही फक्त काय होतं ते सांगा. का होतं ते सांगू नका."

मला ते लागलं. पण ऐकून घेतलं.

मग त्यानं सीट उचलली, इंजिन चालू केलं. हातभर लांब रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक डॉक्टरसारखं इंजिनावर फिरवायला लागला. कार्बोरेटरच्या बुडाशी, जॉइंटच्या कडांना, एकेका नळीवर. एका ठिकाणी थांबला. मला कान लावायला सांगितला. इंजिनाच्या घरघरीत एक बारीक आवाज येत होता, साप फुसकारतो तसा. मी लावलेली फवारणीची नळी इंजिनावर जिथं टेकली होती, तिथं खालच्या अंगाला.

त्यानं साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तिथं लावला. मला वाटलं, पंक्चर काढताना येतात तसे बुडबुडे येतील. एक बुडबुडा आला नाही. उलट पाणी आत ओढलं गेलं आणि आवाज बदलला.

"ही बाहेर टाकणारी गळती नाही. आत ओढणारी आहे. म्हणून दिसत नाही. काही पोरं इथं पेट्रोल शिंपडून बघतात. तुम्ही कधी करू नका. गरम इंजिन आहे, गाडीसकट जळाल."

मग त्यानं ती नळी इंजिनाच्या तोंडापासून उपसून काढली. इंजिन धडधडायला लागलं, बंद पडायच्या बेतात. त्यानं तोंडावर अंगठा दाबला. आणि काय सांगू, तीन महिने ज्या गाडीनं मला छळलं ती एकदम शांत झाली. देवळातल्या समईसारखी एका लयीत.

"तुमचा अंगठा द्या."

मी त्याच्या जागी अंगठा लावला. इंजिन माझा अंगठा आत ओढत होतं. वासरू बोट चोखतं तसं, पण जोरानं.

"हा व्हॅक्यूम," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोलचं इंजिन श्वास घेतं. तुम्ही रेसवरचा पाय काढला की कार्बोरेटरची झडप मिटती आणि त्याला श्वास पुरत नाही. मग ते जिथनं मिळंल तिथनं हवा ओढतं. या नळीतनं जी फुकटची हवा आत येती, तिच्या वाटणीचं पेट्रोल येत नाही. मिक्स्चर पातळ होतं, म्हणून स्लोला अडखळतं. वेगात असताना झडप उघडी असती, मोप हवा चाललेली असती, त्यात एवढीशी जास्त आली तर कळत नाही. तुम्ही स्क्रू कितीबी पिळा, भोक तिथंच राहणार."

मग तो नळीकडं बघून म्हणाला, "ही कुणी घातली?"

मी म्हणलं, "मीच."

"ही फवारणीची. आतनं बाहेर येणारा दाब सोसायला केलेली. इंजिनाची धग हिनं कुठं बघितली? तापून तापून कडक झाली आणि तडकली." नळीचं दुसरं टोक त्यानं बोटानं चाचपलं, सगळी लांबी चाचपली आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. "व्हॉल्व्ह कुठाय?"

"कसला व्हॉल्व्ह?"

त्यानं उत्तर दिलं नाही. मला चालवायच्या जागेवर बसवलं. नळी परत जोडली, इंजिन मिनिटभर चालवलं, बंद केलं. म्हणाला, "आता ब्रेक दाबा."

मी दाबला. पॅडल जागचं हाललं नाही. दगडावर पाय दिल्यासारखं झालं.

तेच शब्द. माझ्या तोंडून बाहेर पडले नाहीत, डोक्यात वाजले. उन्हात बसून अंगावर काटा आला.

मिस्त्रीला काही माहीत नव्हतं. तो आपला सांगत होता. "एसटीला हवा दाबून ब्रेक लागतो. तुमच्या गाडीला हवा ओढून लागतो. हा पुढचा गोल डबा, हा बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा. इंजिन या नळीतनं डब्यातली हवा ओढून घेतं. तुम्ही ब्रेकला पाय लावला की पडद्याच्या मागच्या बाजूनं बाहेरची हवा आत शिरती आणि पडदा पुढं ढकलती. म्हणजे दाबणारा तुमचा पाय थोडा, हवा जास्ती. व्हॅक्यूम नसंल तर ब्रेक फेल होत नाही, पण सगळा जोर एकट्या पायाला लावावा लागतो. तेवढा जोर एवढ्या वजनाला माणसाच्या पायात नसतो."

"आणि पॅडल खाली जातं ते?"

"ते वेगळं दुखणं. पॅडल मऊ लागून खाली गेलं तर ऑइलची भानगड. ऑइल गळालं, लाइनीत हवा शिरली, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. पॅडल दगडासारखं वर राहिलं तर व्हॅक्यूमची भानगड. माणूस फक्त एवढं नीट सांगील तर निम्मं काम तिथंच होतं. पण सांगत कुणी नाही. सगळे म्हणतात, ब्रेक लागला नाही."

मी काय बोलणार? एका माणसानं नीट सांगितलं होतं.

"आणि इंजिन बंद असलं तर?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"इंजिन बंद म्हणजे ओढणारं कुणी नाही. त्याच्यासाठीच नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. ओढलेलं परत जाऊ देत नाही. तो असला की इंजिन बंद पडल्यावरसुद्धा दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो. गाडी कडेला घ्यायला तेवढे पुरतात. तुमच्या नळीत तो नाहीच. चावी बंद केली की डबा लगेच मोकळा, पहिल्याच पायाला दगड. नाना, विहिरीवर मोटर आहे ना तुमची? फूटव्हॉल्व्ह काढून कधी मोटर चालवली का?"

हे त्यानं मला विचारावं! पठारावर जन्म गेला माझा विहिरीतनं पाणी ओढण्यात. सक्शनच्या पाईपाला सुईएवढं भोक असलं तरी मोटर पाणी सोडते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. तिथनं पाणी गळत नाही, हवा ओढली जाते, म्हणून भोक दिसत नाही, हेही माहीत. खालचा फूटव्हॉल्व्ह गेला की मोटर बंद करताच पाईप रिकामा होतो आणि पुढल्या वेळी पाणी भरत बसावं लागतं. डिलिव्हरीची नळी सक्शनला लावू नये, हे मी चार जणांना शिकवलेलं. हवेचा दाब पुस्तकात होता, त्याचे मार्कही मिळाले होते. आणि त्याच माणसानं गाडीचा फूटव्हॉल्व्ह काढून नट-बोल्टच्या डब्यात टाकला आणि पोराला सांगितलं, घाटात मोटर बंद कर.

मी मिस्त्रीला सगळं सांगितलं. घाट, आप्पाचा पाय, पोरगा. तो बराच वेळ हात पुसत बसला. मग म्हणाला, "व्हॉल्व्ह असता तरी भरल्या गाडीनं इंजिन बंद करून घाट उतरायचा नसतो. दोन-तीन वेळा लागला असता, मग दगडच. आणि न्यूट्रलला टाकली म्हणजे इंजिनाचा रोधसुद्धा गेला. ज्या गिअरला घाट चढता त्याच गिअरला उतरायचा. किती पेट्रोल वाचत होतं?"

मी हिशोब केला. एका खेपेला दहा रुपयेसुद्धा नाही.

नवीन नळी त्यानं व्हॉल्व्हसकट घातली. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनाकडं तोंड करून पाहिजे, हे मला दोनदा दाखवलं, कारण उलटा बसवला तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतच नाही. मग तपासायची रीत शिकवली. ती इथं लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पायाखाली पॅडल थोडं खाली बसलं की बूस्टर कामाला लागला समजायचं. नाही बसलं तर नळी, व्हॉल्व्ह नाहीतर बूस्टर बघायचा. मग इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि दाबायचं. पहिले दोन-तीन पाय हलके लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर व्हॉल्व्ह धरत नाही. तिसरं, इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरायचं आणि तसंच धरून चावी बंद करायची. अर्धा मिनिट पॅडल जागेवर राहिलं पाहिजे. पायाला वर ढकलायला लागलं तर कुठंतरी हवा शिरते आहे. या तिन्हीला एक पैसा लागत नाही. सपाटीवर, हँडब्रेक ओढून करायचं एवढंच. आमच्या गावातल्या त्या मिस्त्रीनं यातलं एकही केलं नव्हतं. इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबला होता. पण त्याला दोष कशाला? इंजिन बंद असताना धडकली, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

घरी आलो. डबा उपडा केला. वॉशर, खिळे, कुळवाच्या फासाचे बोल्ट, आणि त्यात ते बोंडूक. बाण तसाच. तोंडात धरून फुंकलं. एका बाजूनं हवा गेली, दुसऱ्या बाजूनं गेली नाही. दोन वर्षं डब्यात पडून ते काम करत होतं.

आधी आप्पाकडं गेलो. तो गोठ्यात होता. सगळं सांगितलं. त्यानं बोंडूक हातात घेतलं, फुंकून बघितलं, परत दिलं. म्हणाला, "मला माहीत होतं पोरगा ब्रेकवर उभा राहिला होता. मी शेजारीच बसलो होतो ना. त्याचं ढुंगण सीटवरनं उठलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

खरं होतं. गाडीत दोन माणसं होती. एकाचं ऐकून घेतलं नाही, दुसऱ्याला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं चाकणला गेलो. पोरगा चार जणांबरोबर एका खोलीत राहायचा. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मला दारात बघून घाबरला, "आई बरी आहे ना?" म्हणाला. मी खाली सतरंजीवर बसलो आणि खिशातनं ते बोंडूक काढून त्याच्यापुढं ठेवलं. काय आहे, कुठं होतं, कुणी काढलं, एका दमात सांगून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर बोललो नसतो.

तो ते बोटांत फिरवत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "नाना, मी तेव्हाच सांगितलं होतं. पॅडल खाली गेलंच नव्हतं."

"सांगितलं होतंस."

"मला पण नंतर नंतर वाटायला लागलं होतं, आपलाच पाय कमी पडला असंल."

हे ऐकायला मी तयार नव्हतो. बाकी सगळ्याला होतो. त्यानं उठून खाली जाऊन चहा आणला. आम्ही चहा प्यायलो. माफी वगैरे शब्द आमच्यात बोलायची रीत नाही. मी फक्त म्हणलं, "ज्यांच्यासमोर बोललो त्यांना सांगणार आहे." आणि गावात येऊन सांगितलं, पारावर बसून, एकेकाला. काही हसले. मिस्त्री नाना म्हणून अजून चिडवतात.

पोरगा चाकणलाच राहिला. तिथंच संसार झाला. कांद्याला सुट्टी काढून येतो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आला तेव्हा पहिली खेप त्यानंच नेली. निघण्याआधी इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल दाबलं, पाय ठेवून चावी फिरवली, आणि पाय थोडा खाली बसल्यावर माझ्याकडं बघून मान हलवली. आप्पा शेजारी बसला होता. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले म्हणे. आप्पाचा पाय अजून थंडीत दुखतो, चालताना डावीकडं झुकतो. ते काही परत येणार नाही.

व्हॅन 2011 साली भंगारात गेली. आता पुतण्या ट्रॅक्टर चालवतो. गेल्या पावसाळ्यात मी जेवायला बसलो होतो, तो दारातनंच म्हणाला, "नाना, क्लच जरा वेगळा लागतोय आज." भाकरी तशीच ठेवून उठलो. घरची म्हणाली, जेवून तरी जा. मी गेलो, त्याला विचारलं, वेगळा म्हणजे कसा, पायाला काय लागतं तेवढं सांग. तासभर शोधलं, काही निघालं नाही. पॅडलच्या खाली चिखलाचा गोळा वाळून बसला होता, एवढंच. पोरगा ओशाळला. मी म्हणलं, ओशाळू नको, उद्या पण काही वेगळं लागलं तर सांग. भाकरी थंड झाली होती. आमटी गरम करून घेतली आणि जेवलो.